पाण्याखालच्या गुहेंतील हवेचा हिशेब

समुद्रांत बुडी मारणाऱ्यावर संकट आलें तर त्यास वर येण्याची वाट असते. पाण्यानें भरलेल्या गुहेंत ती नसते. तेथें डोक्यावर खडकाचें छत. ज्या वाटेनें आंत शिरलों, त्याच वाटेनें बाहेर पडावयाचें. म्हणून पाठीवरच्या नळकांड्यांत हवा किती, यापेक्षां कोणत्या आंकड्यावर मागें फिरावयाचें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत झऱ्यांखालीं अशा गुहा पुष्कळ आहेत. तेथील अपघातांची चिकित्सा करून शेक एक्सली या पाणबुड्यानें १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील एक प्रमुख नियम तृतीयांशाचा: हवेचे तीन समान वांटे करावे; एक जाण्यास, एक येण्यास, आणि तिसरा संकटासाठीं राखून ठेवावा.

हा तिसरा वांटा कशासाठीं? समजा, दोघे सोबती सारखींच नळकांडीं घेऊन निघाले, आणि हवेचा दाब १८० बार आहे. ज्याच्या दाबमापकाचा कांटा आधीं १२० वर येईल त्यानें खूण करावी, आणि दोघांनींही परतावें. नेमक्या त्याच क्षणीं एकाची सारी हवा गेली तर? दुसऱ्याजवळ १२० बार उरले आहेत: ६० स्वतःसाठीं, ६० सोबत्यासाठीं. हिशेब जमतो, पण जेमतेम. घाबरलेला मनुष्य जलद श्वास घेतो. गढूळ पाण्यांत वाट सांपडण्यास विलंब लागतो. शिवाय ३० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासास पृष्ठभागावरच्या चौपट हवा खर्च होते. म्हणून जाणते लोक तृतीयांश ही कमाल मर्यादा मानतात; प्रवाह आंत ओढणारा असेल तर त्याच्याही आधीं मागें फिरतात.

उपकरणांसही हाच न्याय. श्वासाचे नियंत्रक दोन, दिवे तीन, आणि मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी. एका नियंत्रकांतून हवा भरभरा सुटूं लागली तर त्याची झडप बंद करून दुसऱ्यावर श्वास घ्यावा. परंतु हा दुसरा नियंत्रक पुढें जाण्यासाठीं नव्हे. एक बिघडला कीं मोहीम तेथेंच संपली.

कांहीं दोष दाबमापकावर दिसतही नाहींत. १९४६ सालीं फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्यांत जाक कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा उतरले, आणि मरतां मरतां वांचले. पुढें आढळलें कीं, हवा भरणाऱ्या यंत्रानें स्वतःच्याच धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आंत ओढून घेतला होता. नळकांडीं भरलेलीं होतीं. भरलें होतें तें मात्र विष.

परतण्याचा क्षण येतो तेव्हां दोन तृतीयांश हवा शिल्लक असते, आणि पुढची गुहा खुणावीत असते. आणखी थोडें गेलें तर काय बिघडेल, असें मनांत येतें. त्या वेळीं आठवावें, कीं तो तिसरा वांटा आपला नव्हे; तो सोबत्याचा आहे.