कायद्याच्या पदवीत अनिवार्य काय आणि ऐच्छिक काय?

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु कायद्याचे ज्ञान म्हणजे नेमके कशाचे ज्ञान, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. ज्या पदवीच्या बळावर वकिलाचा काळा डगला अंगावर चढतो, त्या पदवीसाठी कोणते विषय शिकवावेत आणि ते ठरविताना कोणाचे व्यवहार नजरेसमोर ठेवावेत, याचा निर्णय वकील व प्राध्यापक यांच्या मंडळींतच होतो. ज्यांना पुढे त्या वकिलाच्या दारात उभे राहावयाचे आहे, ते पक्षकार या चर्चेत कोठेच नसतात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पंचवार्षिक विधी अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या सत्रांत तो विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवितो. म्हणजे या घरातला तो पाहुणाच. पण घरातील मांडामांड कधी कधी पाहुण्याच्या नजरेत अधिक भरते.

वकिलांसंबंधीच्या १९६१ च्या कायद्याने विधी शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपविले आणि विद्यापीठांशी विचारविनिमय करण्याची अट घातली. कौन्सिलच्या २००८ च्या नियमावलीप्रमाणे पदवीसाठी वीस विषय अनिवार्य आहेत. विधिमीमांसा, कराराचे दोन विषय, अपकृत्ये, कौटुंबिक कायद्याचे दोन, गुन्हे आणि फौजदारी प्रक्रिया, संविधानाचे दोन, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, दिवाणी प्रक्रिया व मुदत, प्रशासकीय कायदा, कंपनी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, करआकारणी, पर्यावरण आणि कामगार कायद्याचे दोन अशी ती यादी होय. याखेरीज चार विषय प्रत्यक्ष कामाचे असून त्यांत मसुदालेखन, व्यवसायनीती, तडजोड-लवादाचे मार्ग आणि अभिरूप न्यायालय यांचा समावेश होतो. उरलेले सहा विषय विद्यार्थ्याने ऐच्छिक गटांतून निवडावयाचे. म्हणजे एकूण तीस. त्रैवार्षिक अभ्यासक्रमाच्या सहा सत्रांत ते बसविले तर दर सत्राला पाच पडतात. नोकरी सांभाळून ही पदवी पुरी करणाऱ्या कारकून-शिक्षकांना या हिशेबाचा भार वेगळा सांगावयास नको.

ही यादी वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ती कोठून आली हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाची स्थापना १८५५ मधली. त्यानंतरच्या तीन दशकांत ब्रिटिश सरकारने या देशासाठी एकामागून एक कायदे संहिताबद्ध केले : १८६० ची दंडसंहिता, १८७२ चे करार व पुरावा हे दोन कायदे, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. प्रत्येक ग्रंथाचा एकेक विषय झाला, आणि विधीचे शिक्षण म्हणजे या ग्रंथांचे कलमवार पठण, अशी रूढी पडून गेली. समाजात तंटे कोणते होतात हे पाहून विषय ठरले नाहीत; कपाटात ग्रंथ कोणते आहेत हे पाहून ते ठरले. पुढे त्यांत भर पडत गेली, पण यादीचा मूळ घाट बदलला नाही.

या रूढीस मोठा हादरा बसला तो १ जुलै २०२४ रोजी. त्या दिवसापासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. ५११ कलमांच्या ग्रंथाचा ३५८ कलमांचा ग्रंथ झाला. जो ‘चारसे वीस’ हा शब्द आपल्या बोलीत शिवीसारखा रुळला, त्याचे स्थान आता ३१८ व्या कलमात आहे. खुनाच्या शिक्षेचे ३०२ जाऊन १०३ आले. ज्या विद्यार्थ्याने आकडे घोकले होते त्याची निम्मी शिदोरी एका रात्रीत निकामी झाली. ज्याने चोरी आणि विश्वासघात यांतील भेद समजून घेतला होता त्याचे फारसे बिघडले नाही, कारण लबाडीने दुसऱ्याची वस्तू उचलणे आणि विश्वासाने हाती आलेली वस्तू गिळंकृत करणे यांतील अंतर नव्या संहितेनेही पुसलेले नाही. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू असल्याने पुढील अनेक वर्षे वकिलाला दोन्ही ग्रंथ बगलेत ठेवावे लागणार. कामगार कायद्यांचेही तेच. २९ कायदे मोडून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. आयकराचा १९६१ चा कायदा मागे सारणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. एका पदवीच्या काळात एवढी उलथापालथ झाल्यावर तरी पाठांतराचा मोह सुटावा!

आता अर्थशास्त्राकडे वळू. पंचवार्षिक अभ्यासक्रमात हा विषय असतो, पण पहिल्या एकदोन वर्षांची ती पायरी ओलांडली की पुन्हा तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. विद्यार्थी विचारतात, ‘सर, मागणीचा वक्र कोर्टात कशाला लागणार?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कराराच्या तासाला द्यावयास हवे. करार मोडल्यास भरपाई किती मिळावी हे सांगणारे आपल्या कायद्याचे ७३ वे कलम ज्या इंग्लिश निकालाच्या छायेत उभे आहे, तो हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल हा खटला १८५४ चा. ग्लॉस्टर येथील एका पिठाच्या गिरणीचा मुख्य दांडा मोडला. नमुन्यासाठी तो कारखानदाराकडे पोहोचविण्याचे काम वाहतूकदाराने घेतले आणि विलंब लावला. तोवर गिरणी बंद राहिली. बंद काळातील बुडालेला नफा वाहतूकदाराने द्यावा काय? न्यायालयाने नकार दिला. गिरणीवाल्याजवळ दुसरा दांडा नाही आणि या एका दांड्यावाचून गिरणी थांबली आहे, ही विशेष परिस्थिती वाहतूकदारास कळविली गेली होती असे न्यायालयास दिसले नाही.

विद्यार्थी हा निकाल ‘दूरान्वयाची हानी’ अशा मथळ्याखाली पाठ करतो आणि पुढे जातो. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले की त्यातील मर्म उलगडते. धोक्याची माहिती ज्याच्यापाशी आहे त्याने ती बोलून दाखवावी, म्हणजे दुसरा त्याप्रमाणे भाडे तरी वाढवून मागेल किंवा काळजी तरी अधिक घेईल. माहिती दडवून स्वस्त दर पदरात पाडावयाचा आणि नुकसान झाले की सारा बोजा दुसऱ्याच्या माथी मारावयाचा, ही सवलत कायदा देत नाही. लग्नाच्या मुहूर्तासाठी मंडप सांगणारा यजमान आणि मंडपवाला यांच्यातही न्याय हाच. हे ज्यास कळले त्याला ७३ वे कलम विसरता येणार नाही, मग उद्या त्याचा क्रमांक काही का होईना. अर्थशास्त्र आणि कायदा यांची अशी सोयरीक आपल्याला परकी असू नये. १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद ज्यांनी स्वीकारले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते, आणि त्याआधी सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्रच शिकविले होते.

अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की, कोणतीही निवड फुकट नसते. एक विषय अनिवार्य केला की दुसरा कोणता तरी मागे पडतो. आपल्या यादीत मागे काय पडले? ऐच्छिक गट पाहावेत. संविधान, व्यापार, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुन्हेशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, बौद्धिक संपदा. आणि त्यांतच एक गट ‘कायदा व शेती’ यांचा. जमीनधारणा, कुळे, बियाणे-पाणी, शेतीचा पतपुरवठा, शेतमजूर, सहकार हे सारे त्या एका गटात. आंतरराष्ट्रीय कायदा प्रत्येकाने शिकलाच पाहिजे, मात्र सातबारा कोणी शिकला तर शिकला. काही विद्यापीठांनी जमिनीचे कायदे आपल्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे आणले आहेत, ते योग्यच केले. पण केंद्रीय यादीने ती गरज मानली नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

याचा परिणाम कोठे दिसतो? तालुक्याच्या कोर्टात. मालमत्ता हस्तांतरणाचे ५४ वे कलम विद्यार्थी शिकतो : शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. हे खरे. परंतु महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या बाबतीत एवढ्याने काम भागत नाही. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचे ६३ वे कलम आडवे येते. तुकडा प्रमाणाहून लहान असेल तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा उभा राहतो. धारणा मोठी असेल तर १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा पाहावा लागतो. मग फेरफाराची नोंद, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा सारा पसारा. शहराच्या वेशीवर गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधू पाहणाऱ्या कितीतरी नोकरदारांची गत अशी झाली की, दस्त नोंदला गेला, मुद्रांक शुल्क भरले गेले, पण फेरफार मंजूर होईना. त्यांचा विश्वास होता की सरकारी कचेरीने शिक्का मारला म्हणजे व्यवहार पक्का झाला.

उलट, सातबारावर नाव चढले की मालकी मिळाली, असे मानणारेही तितकेच. वास्तविक महसुली नोंद मालकी निर्माण करीत नाही; ती प्रामुख्याने साऱ्याच्या वसुलीसाठी असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. महसूल संहितेचे १५७ वे कलम एवढेच म्हणते की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानावी. या दोन विधानांमधली चिंचोळी वाट वकिलाला दाखविता आली पाहिजे. भावाने परस्पर नाव चढविलेल्या बहिणीला तिचा हिस्सा मेलेला नाही हे सांगणारा, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ किंवा सोसायटीचा बोजा दिसत असता डोळे मिटून इसार देणाऱ्याला थांबविणारा तोच. हे त्याने शिकावयाचे कोठे? ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, असे उत्तर मिळते. त्या उमेदवारीचा खर्च मात्र आरंभीचे पक्षकार सोसतात, याची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही.

शहरातील मध्यमवर्गाची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. बहुतेकांचे आयुष्यातले सर्वांत मोठे देणेघेणे म्हणजे सदनिका. ती १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा, १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि २०१६ चा स्थावर संपदेचा कायदा अशा तिहेरी जाळ्यात बसते. इमारत उभी राहून वीस वर्षे झाली तरी खालची जमीन बांधणाऱ्याच्याच नावावर, असे दृश्य कोणत्याही शहरात दिसते. पदवीच्या अनिवार्य वीस विषयांत यांपैकी एकही कायदा नावाने येत नाही.

यावर आक्षेप येईल की, पदवी अखिल भारतीय आहे. पुण्यात शिकलेला विद्यार्थी उद्या दिल्लीत वकिली करील, त्याने फेरफार कशास शिकावा? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच केंद्रीय यादीत महाराष्ट्राचा कायदा घालावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु सहा ऐच्छिक जागांपैकी एक जागा ‘त्या त्या राज्याची जमीन, घर व सहकार’ या विषयासाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे? बौद्धिक संपदेकडे किंवा व्यापाराकडे ओढा असणाऱ्याला आणखी पाच जागा मोकळ्या राहतातच. स्थानिक कायद्याचे महत्त्व पाहावयाचे तर गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेले पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेचे तत्त्व तेथे आजही चालते. सावंतवाडीच्या वकिलाने पणजीच्या पक्षकाराला वारसाहक्काचा सल्ला द्यावयाचा तर निव्वळ कौटुंबिक कायद्याचे दोन विषय त्याला पुरणार नाहीत.

राहिला प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने १९९८ मध्ये जाहीर केले. काही विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभाही आहे. पण मसुदालेखनाच्या तासाला फळ्यावर जो नमुना उमटतो तो बहुधा इंग्रजीच. त्यात ‘पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट’ असते. वहिवाट, पोटखराबा, हक्कसोड, चतुःसीमा हे शब्द नसतात. साक्षीदार ‘बांध कोरला’ म्हणतो तेव्हा नेमके काय घडले, हे गावाबाहेर वाढलेल्या तरुण वकिलाला अशिलाकडून समजून घ्यावे लागते. न्यायिक सेवेच्या पहिल्या पायरीवर येणाऱ्याने तीन वर्षे वकिली केलेली असावी, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घातली. ही तीन वर्षे बहुतेकांची खालच्या कोर्टांतच जाणार. अनिवार्य असलेल्या मसुदालेखनाच्या विषयात एक दस्त, एक दावा आणि एक कैफियत मराठीत लिहून घेण्यास नियमावली बदलण्याची गरज नाही, केंद्राची अनुमती नको, खर्चही नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने एका बैठकीत ठराव केला तर येत्या जूनपासून ते सुरू होऊ शकते.