वजन तेवढंच, जागा चुकली

ज्यांनी कापसाची बैलगाडी भरली असेल त्यांना ‘उलाळ’ म्हणजे काय ते सांगायला नको. ओझं मागं सरकलं की जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. वजन तेवढंच असतं, जागा चुकलेली असते.

हा शब्द मला सावंगी (मेघे)च्या एका पोरामुळं आठवला. तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. म्हणाला, ‘‘चाचा, गाडी दोन टनाची, पेटी सतराशे किलोची. तरी मागची चाकं उचलतात. साहेब म्हणतात, दोन हमाल मागं उभे कर.’’

मी बी. ए. झालेला कवी, मला यंत्रातलं काय कळणार? पण तराजू कळतो. फोर्कलिफ्टची पुढची चाकं म्हणजे तराजूचा टेकू. मागं लोखंडाचं जड वजन बसवलेलं, पुढं माल. ‘दोन टन’ हे गाडीवरच्या पाटीवर एका अटीसह लिहिलेलं असतं. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून 50 सेंटिमीटरवर हवा. लहान गाड्यांना बहुधा हेच अंतर असतं.

पोराची पेटी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद. ती लांबीत उचलली की मध्य जातो 75 सेंटिमीटरवर. टेकूपासून फोर्कच्या पाठीपर्यंतचं अंतर 40 धरू. म्हणजे 90 वर 2000 किलो पेलणारी गाडी 115 वर साधारण 1565 किलोच पेलते. हा झाला अंदाज. खरा आकडा कंपनीच्या तक्त्यातच बघावा. आपल्या जिल्ह्यात रुईच्या गाठी उचलतात. एक गाठ साधारण 170 किलोची. एकीपुढं दुसरी रांग घेतली की तिथंही हेच होतं.

माल उंच नेला की क्षमता आणखी घटते, कारण मास्ट जरा पुढं कलला तरी वरचं ओझं बरंच पुढं जातं. म्हणून चालताना माल खाली, मास्ट मागं कललेला. आणि या गाडीचं स्टिअरिंग असतं मागच्या चाकांना. ती हलकी झाली की गाडी वळायचंच विसरते.

कवितेत एखादा शब्द सरकला तर फार तर टीकाकार रागावतो. इथं मागं उभी केलेली ती दोन माणसं आहेत. त्यांच्या वजनानं मास्ट आणि साखळ्यांची ताकद वाढत नाही. गाडी कलंडली तर फेकले जाणार ते दोघंच. चालकानं मात्र अशा वेळी उडी मारू नये. पट्टा बांधून, स्टिअरिंग घट्ट धरून आतच बसावं. उडी मारणारा बरेचदा गाडीखालीच सापडतो.

मी पोराला म्हटलं, ‘‘पेटी आडवी करून बघ.’’ रुंदीकडून उचलली की मध्य बरोबर 50 वर.

त्यानं आधी तक्ता पाहिला, मग पेटी फिरवली. हमाल बाजूला, लांब उभे होते. साहेब म्हणे काही बोलले नाहीत.