तलावापलीकडे उजेडाची तार

केबल न टाकता, टॉवर न उभारता, नुसत्या उजेडाच्या झोतातून एका घरातले इंटरनेट दुसऱ्या घरात नेता येते आणि त्याचे यंत्र घरीच बनवता येते. चेक प्रजासत्ताकातील कारेल कुल्हावी यांनी 2001 च्या सुमारास ‘रोन्या’ नावाचे असे यंत्र रचले आणि त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. तांबडा एलईडी, पत्र्याचा नळा, 130 मिलिमीटर व्यासाचे भिंग आणि प्रकाश टिपणारा फोटोडायोड, एवढ्या सामानावर 1.4 किलोमीटरपर्यंत सेकंदाला 10 मेगाबिट माहिती दोन्ही दिशांनी एकाच वेळी जाते. एलईडी इतक्या वेगाने उघडझाप करतो की डोळ्यांना तो स्थिरच दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ही युक्ती सरसकट चालणार नाही. पण मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या दोन काठांवर, धानाच्या बांध्यांच्या अल्याड-पल्याड ती आवर्जून करून पाहावी, असे माझे मत आहे. इथल्या झाडीपट्टीत गाव आणि टोला, म्हणजे त्याची वेगळी वस्ती, यांच्यामध्ये पुष्कळदा अशीच मोकळी जागा असते. गावात जोडणी पोहोचलेली असते, टोल्यावरची शाळा किंवा अंगणवाडी मात्र कोरडीच राहते.

उजेडाने निरोप धाडणे या मुलखाला नवे नाही. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये शेजारच्या हिंगणघाटात वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने दूरच्या खुणा दिसाव्यात म्हणून दिवसा आरशांचे कवडसे आणि रात्री दिवे वापरले. पुढे 1880 मध्ये ग्रॅहम बेलने वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून 213 मीटरवर माणसाचा आवाज पोहोचवला. या सगळ्यांची अट एकच होती, समोरचे टोक दिसले पाहिजे.

आपल्याकडे खरी अडचण या अटीचीच आहे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांतून पलीकडचे छप्पर स्पष्ट दिसते, म्हणून यंत्र बसवावे, तर जुलैत सुपाएवढी पाने आली की झोत अडतो. जागेची पाहणी भर पावसाळ्यातच करायला हवी. मधे दाट झाडी असेल तर प्रकाशाचा हट्ट धरू नये. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरी वापरून पाहिल्या. त्या लांब लहरी पानांना जुमानत नाहीत, तिथे तोच मार्ग बरा.

धुक्याचा आक्षेप याहून गंभीर आहे. पावसाचे थेंब मोठे आणि विरळ असतात, धुक्याचे कण बारीक आणि असंख्य असतात, म्हणून प्रकाशाला मुसळधार पावसापेक्षा दाट धुके अधिक मारक. हिवाळ्यातल्या पहाटे तलावावर ते साचतेच. पण इथे अंतराचा हिशेब पाहावा. 250 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे एक मिलिमीटर रुंदीचा दिवा ठेवला, तर 500 मीटरवर झोत दोन मीटर रुंद होतो आणि पलीकडच्या भिंगात त्यातले हजारात चार भागच शिरतात. अंतर निम्मे केले की पोहोचणारा प्रकाश चौपट होतो. 1.4 किलोमीटर पल्ल्याचे यंत्र 200 मीटरवर लावले, तर गरजेच्या जवळजवळ पन्नासपट प्रकाश हाती राहतो. म्हणजे धुके इतके दाट झाले की पलीकडचे घर डोळ्यांनाही दिसेनासे व्हावे, तेव्हाच जोडणी तुटेल. 500 मीटरवर मात्र शिल्लक प्रकाश आठपटच उरतो आणि मध्यम धुकेही पुरते. तेव्हा जंगल जिल्ह्यात ही तार दोन-तीनशे मीटरचीच ठेवावी. त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. नळा पाव अंशाने कलला, तरी झोत समोरच्या भिंगावरून पार निसटतो. बांबूच्या खांबावर तो टिकणार नाही, पक्की भिंतच हवी.

मग बाजारातली वाय-फायची डिश का नको? ती स्वस्त आहे, धुक्यातही चालते, आणि जिथे काम एक दिवसही थांबून चालणार नाही अशा आरोग्य उपकेंद्रात तीच लावावी किंवा जोडीला ठेवावी. फायबर तर सर्वांत भक्कम. वनजमिनीतून तो नेण्याची वाटही आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने दूरसंचार तारांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. पण शिफारस, मंजुरी, खोदकाम यांत महिने जातात. उजेडाच्या झोताला खोदकाम लागत नाही आणि लहरींचा परवानाही लागत नाही. काँगो नदीवर 2021 मध्ये ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरे अशाच, पण कितीतरी महागड्या यंत्राने 4.8 किलोमीटरवरून जोडली गेली, कारण फायबरला 400 किलोमीटरचा वळसा पडत होता.

माझा मुख्य मुद्दा मात्र दुरुस्तीचा आहे. डिश बिघडली की ती शहरात पाठवावी लागते. रोन्याचा प्रत्येक भाग उघडा असतो, आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी डाग देऊन तो बदलू शकते. सामाईक वस्तू सांभाळायला गाव तयार होईल का, ही शंका निदान गडचिरोलीत तरी टिकत नाही. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा जंगल राखते आणि बांबूचा हिशेबही ठेवते. टोल्यावर पोहोचलेले इंटरनेट लोकांना वाटायचे असेल, तर 2020 च्या पीएम-वाणी योजनेत छोट्या केंद्राला परवाना लागत नाही. मूळ जोडणी देणाऱ्या कंपनीच्या अटी मात्र आधी वाचाव्यात. पहिला प्रयोग आश्रमशाळेच्या दोन इमारतींमध्येच करावा, म्हणजे या अटींचा प्रश्नही येत नाही.