मालमोटारीचा टर्बो : आवाज व शक्तिक्षय यांचे निदान

पोत्यात नळी खुपसून मूठभर नमुना पाहिल्यावाचून आपण धान्याचा भाव बोलत नाही. परंतु तेच धान्य वाहून आणणारी मालमोटार घाटात दम टाकू लागली म्हणजे मात्र मिस्त्रीचा पहिला शब्द प्रमाण मानून आपण थैली सोडतो. ही चूक आमच्याही हातून घडली आहे. त्यातून जे शिकावयास मिळाले ते आपल्या व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. ती इंटरकूलरमध्ये थंड होऊन एंजिनात जाते. हवा अधिक मिळाल्याने डिझेल अधिक जाळता येते व शक्ती वाढते. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून हवा, धूर आणि तेल या तिन्ही वाटा निर्वेध असाव्या लागतात.

आता आवाजाविषयी. ओझे ओढताना येणारी मंद शीळ स्वाभाविक होय. चढावर ‘फुस्स’ असा आवाज, ओढ कमी व काळा धूर, ही लक्षणे एकत्र दिसल्यास दाबलेली हवा फाटक्या नळीतून वा ढिल्या क्लिपेतून निसटत आहे, असा प्रथम तर्क करावा. एंजिनाजवळ ‘चक् चक्’ आवाज व सांध्यावर काजळी असेल, तर धूर टर्बोपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गॅस्केटमधून बाहेर पडत असतो. भोंग्यासारखा चढता आवाज चक्राची वा बेअरिंगची झीज सुचवितो. धातू घासल्याचा आवाज आल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी घेऊन तत्काळ बंद करावी. तुटलेला तुकडा एंजिनात गेल्यास हानी फार मोठी होते.

धूरही बोलतो. काळा धूर हवेची उणीव अथवा डिझेलचा अतिरेक दाखवितो. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. तथापि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत काजळी गाळणीत अडकते; म्हणून तेथे धुरापेक्षा समोरच्या फलकावरील सूचक दिव्याकडे लक्ष द्यावे. ती गाळणी तुंबल्यानेही शक्ती घटते.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी. आधी एअर फिल्टर पाहावा. धान्यबाजारातील भुसा व धूळ त्यास लवकर कोंडते. नंतर डिझेल फिल्टर व त्यातील पाणी. मग एंजिन बंद व थंड असताना प्रत्येक नळी खालच्या बाजूनेही हाताने चाचपावी. जेथे तेलकट धूळ चिकटलेली असेल तेथे संशय घ्यावा. उभ्या गाडीत हवेचा दाब अल्प असल्याने भेग सहसा उघडी पडत नाही. कारखान्यात बेताचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने ती शोधतात. शेवटी टर्बोच्या तोंडाची नळी काढून चक्र बोटाने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. आडवी किंचित हालचाल चालते. परंतु दांडा आतबाहेर सरकत असेल वा पाती भिंतीस घासत असतील, तरच टर्बो दोषी समजावा. चालू एंजिनात हात कदापि घालू नये.

आमचा अनुभव असा. इंदूरहून गहू आणणारी आमची गाडी खंबाटकीच्या चढावर ओढेना, व जमाखर्चात डिझेलचा आकडा फुगू लागला. आमचा जुना चालक सांगे, “मालक, चढावर फुस्स करते, गाडी दम धरीत नाही.” आम्ही ते ऐकले नाही; उलट डिझेलच्या हिशेबावरून त्यास चारचौघांत टोचून बोललो. एका मिस्त्रीने नवा टर्बो घालावयास सांगितले. सुदैवाने दुसऱ्या वृद्ध मिस्त्रीने इंटरकूलरच्या नळीखाली हात फिरविला, आणि बोटभर भेग सापडली. नळी बदलताच ओढ परतली व डिझेलचा खर्चही पूर्ववत झाला. डिझेल कोणी चोरले नव्हते. हवा निसटत होती. त्या वर्षीच्या क्षमावाणीस आम्ही प्रथम त्या चालकाच्या घरी गेलो.

टर्बो खरोखरच निकामी झाला असेल, तर कारण शोधल्यावाचून नवा बसवू नये. तेलाची नळी कोंडलेली राहिल्यास नवाही जुन्याच्या वाटेने जातो. तेल व फिल्टर वेळेवर बदलावे. गाडी सुरू करताच जोर देऊ नये. आणि घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटे एंजिन संथ चालू ठेवून मगच बंद करावे, म्हणजे तप्त दांड्यास तेल मिळत राहते.

वस्तूस अनेक बाजू असतात, हे आपणांस धर्माने शिकविले आहे. यंत्राच्या दोषासही त्या असतात. त्या सर्व पाहाव्या, आणि जो रात्रंदिवस गाडीसोबत असतो त्याचे म्हणणे आधी ऐकावे, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.