पेन्शनरच्या माघारी

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मृतिशिला बसवली. लढाईत पडलेल्यांची नोंद अशी दगडावर राहिली. पण फौजेतून जिवंत परतलेले, शेती पाहत म्हातारे झालेले आणि घरच्या अंथरुणावर वारलेले माजी सैनिक संख्येने कितीतरी जास्त. त्यांच्या माघारी घर कशावर चाललं, हे शोधायचं तर सरकारी आदेश आणि न्यायालयांचे निकाल चाळावे लागतात. गेल्या साठ वर्षांतले हे कागद एकापुढे एक ठेवले की दिसतं, हक्क वाढत गेला, पण बहुतेक वेळा कुणीतरी भांडल्यावर. आणि मंजूर झालेला हक्क पदरात पाडून घेण्याची सगळी यातायात मात्र मागे राहिलेल्या बायकोलाच करावी लागली.

1964 पूर्वी पेन्शन माणसाबरोबर संपायची. सैनिकाचा मृत्यू नोकरीमुळे झाला असं ठरलं तरच कुटुंबाला काही मिळे. निवृत्त होऊन गावी आलेला हवालदार तापाने गेला, तर पुढच्या महिन्यापासून घरात पैसा येणं बंद. 1 जानेवारी 1964 पासून सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं आणि पेन्शनरच्या पत्नीला पहिल्यांदा स्वतःचा असा हक्क मिळाला. त्यातही दोन मोठे गट बाहेरच राहिले. एक, ज्यांचे नवरे त्या तारखेआधीच निवृत्त झाले होते. दुसरा, ज्यांच्या नवऱ्यांना मुळात पेन्शनच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या लाखो जवानांना युद्ध संपताच घरी पाठवलं गेलं, त्यांच्या हाती पेन्शनचा कागद नव्हता. महाराष्ट्र सरकार अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन देतं, ती या जुन्या अन्यायाची थोडीशी भरपाई.

पहिल्या गटासाठी दार उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाने. 17 डिसेंबर 1982 ला नाकारा खटल्याचा निकाल लागला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचं देणं आहे, आणि निव्वळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये भेद करता येणार नाही, असं घटनापीठाने सांगितलं. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. याच विचाराच्या आधाराने 1985 मध्ये जुन्या पेन्शनरांच्या विधवांनाही कुटुंब निवृत्तिवेतन लागू झालं, तेही 22 सप्टेंबर 1977 पासून. मधली तेरा वर्षं कुणी भरून दिली नाहीत. 1989 मध्ये आणखी एक भिंत पडली. निवृत्तीनंतर लग्न केलं असेल तर त्या पत्नीला कुटुंबात धरायचं नाही, असा नियम होता. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येणाऱ्या जवानाला हा नियम लावणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा होता. तो न्यायालयाने रद्द केला.

रकमेचं बोलायचं तर पेन्शनची किमान पातळी 1986 मध्ये 375 रुपये, 1996 मध्ये 1,275, 2006 मध्ये 3,500 आणि 2016 मध्ये 9,000 रुपये झाली. आकडे चढते दिसतात. त्यामागचं प्रमाण मात्र पाचव्या वेतन आयोगापासून हललेलं नाही. पेन्शनरला शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळते, त्याच्या पश्चात पत्नीला तीस टक्के. सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने देण्याची सोय आहे, पण ती फार तर सात वर्षं किंवा पेन्शनर सदुसष्ट वर्षांचा झाला असता तिथपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. म्हणजे सत्तरीत वारलेल्या नाईकाच्या बायकोला ती मिळतच नाही. एका महिन्यात घरचं उत्पन्न दोन पंचमांशाने खाली येतं. घरपट्टी, वीजबिल, औषधं, नातवंडांच्या फिया, यांतलं काहीही त्या प्रमाणात कमी होत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

त्याहून रोजचा जाच कागदांचा. जवानाने लग्न झाल्याचं युनिटला कळवायचं, मग तिथून पार्ट टू ऑर्डर निघायची आणि बायकोचं नाव रेकॉर्डला चढायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आता आपल्याकडची रीत बघा. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की माहेरची सुमन सासरी शांता होते. जवानाने सवयीने एक नाव कळवलं, रेशनकार्डावर दुसरं लागलं, आधारवर कुणी 'बाई' जोडलं, कुणी गाळलं. लिहिणारा कारकून परप्रांतातला, त्याने ऐकलं तसं स्पेलिंग केलं. नवरा हयात असेतो या फरकाची झळ कुणाला लागत नाही. तो गेला की त्याच बाईला, ती त्याचीच बायको आहे, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा एवढं सगळं करावं लागतं. जुनी माणसं अजून त्याला सोल्जर बोर्डच म्हणतात. तिथला कल्याण संघटक मनापासून मदत करणारा भेटला तर काम मार्गी लागतं, नाहीतर वर्ष जातं.

जन्मतारखेचंही तेच. 2006 पासून वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुटुंब निवृत्तिवेतन वीस टक्क्यांनी वाढतं, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास टक्के आणि शंभरीला दुप्पट होतं. किती चांगला निर्णय! पण जुन्या पेन्शन पेमेंट ऑर्डरवर पत्नीची जन्मतारीखच नसायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीने ऐंशी वर्षांचं वय कशावरून दाखवायचं? आणि ही वाढ सर्वांत जास्त गरजेची आहे ती तिलाच.

2012 हे साल मला फार मोलाचं वाटतं, जरी त्याची कुठे चर्चा झाली नाही. फौजेतून आलेला जवान पुढे पोलिसात, बँकेत, एसटीत दुसरी नोकरी करतो. त्या नोकरीचीही पेन्शन असेल, तरी त्याच्या विधवेला दोहोंपैकी एकच निवडावी लागे. दोन्हीकडे राबला तो एकच माणूस, म्हणून कुटुंबाला एकच, असा तो हिशेब. 24 सप्टेंबर 2012 पासून दोन्ही मिळू लागल्या.

'समान पद, समान निवृत्तिवेतन' याचा गाजावाजा त्या मानाने पुष्कळ झाला. 2011 मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने शिफारस केली, 2015 च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, आणि 5 सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी घोषणा केली. थकबाकी इतरांना चार हप्त्यांत, विधवांना मात्र एकरकमी, हा त्यातला शहाणपणाचा भाग. 2019 च्या फेरनिश्चितीतही विधवांसाठी एकरकमीच ठरलं होतं, पण थकबाकी रखडली. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कुटुंब निवृत्तिवेतनधारकांचे पैसे 30 एप्रिलपर्यंत एकदम द्या. तेव्हा सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

आता पेन्शन प्रयागराजहून 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यात येते. पैसे वेळेवर पडतात, हे खरं. दर वर्षी हयातीचा दाखला मात्र मोबाइलवरून द्यायचा, तर नातवाच्या सवडीवर थांबावं लागतं. ज्यांना पेन्शनच नाही, अशा पासष्टीपुढच्या माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्राच्या निधीतून मिळणारी मदत 2025 अखेरीस महिना 4,000 वरून 8,000 रुपये झाली. त्यासाठीही अर्ज लागतो, आणि अर्ज करायला योजना माहीत असावी लागते.

आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली कामाला लागला आहे. माजी सैनिकांच्या संघटना त्याच्यापुढे निवेदनं देतील, तेव्हा तीस टक्क्यांचा प्रश्न पहिल्या पानावर असावा. घराघरांत जे पेन्शनर आज हयात आहेत, त्यांनी पत्नीचं नाव आणि जन्मतारीख ऑर्डरवर बरोबर आहे का हे या आठवड्यात पाहावं, आणि चूक असेल तर स्वतःच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज द्यावा. आज हे काम त्या एका सहीवर भागतं.