मावशीच्या पोटातील गाठोडे

वार्षिकासाठी एखादी कथा द्यावी असे मनात होते. परंतु गेले वर्षभर आमचे घर ज्या एका शब्दाभोवती फिरले, त्याविषयीच लिहावे असे ठरविले. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्यातील इंग्रजी कागद वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. त्या कागदांतून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले ते येथे मांडते. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

दोन घास खाल्ले की माझ्या मावशीचे पोट गच्च होई. गॅसच्या गोळ्यांत सहा महिने गेले. शेवटी अकोल्यास दुर्बीण घालून जठराचा तुकडा काढला. अहवाल आला : जठराचा कर्करोग. "पूर्वी काही ऑपरेशन?" डॉक्टरांनी विचारले. मावशी गप्प. नऊ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती, हे मीच सांगितले. बाहेर आल्यावर ती माझ्यावर संतापली : "दुखते पोट, अन् छातीचं काय सांगाचं त्या डॉक्टरले?"

पण त्या एका वाक्याने पुढचे सारे बदलले.

स्तनाचा कर्करोग बहुधा दूधवाहिनीत सुरू होतो व त्याची गाठ हाताला लागते. तो पसरलाच तर हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू येथे. परंतु शंभरातील सुमारे दहा ते पंधरा कर्करोग 'लोब्युलर' जातीचे असतात. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन त्यांत बहुधा नसते. म्हणून या पेशी गोळा होत नाहीत. मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेने शिरतात. गाठ स्पष्ट लागत नाही, क्ष-किरण चित्रातही कधी कधी निसटते. आणि वर्षानुवर्षांनी हा रोग भलत्याच ठिकाणी, म्हणजे जठर, आतडे, अंडाशय अशा जागी, उगवू शकतो. जठरात उतरणे हे तसे विरळाच. तेथे भिंत जाड व ताठ होते, म्हणून दोन घासांत पोट भरते.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली येते. जठराच्या स्वतःच्या एका कर्करोगातील पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात, आणि या पेशीही तशाच दिसू शकतात. मग पेशी मूळची कुठली हे ओळखण्यासाठी तुकड्यावर विशिष्ट प्रतिपिंडांचे रंग चढवतात. इस्ट्रोजेनची ग्राहके आणि गाटा-३ हे प्रथिन सापडले तर बोट स्तनाकडे जाते. पण हे रंग मागवायचे तर आधी शंका यायला हवी! मावशीच्या जुन्या शस्त्रक्रियेतील तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला होता. तो नव्या तुकड्याशेजारी ठेवून पाहिला. पेशी त्याच निघाल्या.

कुणी म्हणेल, नाव काही असो, कर्करोग तो कर्करोगच. तसे नाही. जठराचा असता तर जठर कापण्याचा विचार झाला असता. हा स्तनाचा, आणि संप्रेरकावर वाढणारा. त्यावर संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या चालतात. तो समूळ जात नाही, पण पुष्कळदा आवरता येतो.

आणखी एक दुर्मिळ प्रकार सांगायला हवा. त्यात गाठ नसतेच; स्तन लाल होतो, सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. दूध साचून पिकले असे समजून औषध देतात. आठ-पंधरा दिवसांत उतार न पडल्यास कातडीचा तुकडा तपासावा लागतो, कारण हा फार वेगाने पसरतो.

तुकडा पाहून निदान करण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उचलली. त्याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास केला. त्यातील निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची प्रशिक्षित कार्यकर्त्या केवळ हातांनी तपासणी करीत. त्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. बोलायला लाजणाऱ्या मावश्या तेथेही असतीलच.

मावशी आता रोज एक गोळी घेते आणि अर्धी भाकरी खाते. माझ्याशी बोलूही लागली आहे. जुने-नवे सर्व कागद तिने एका पिशवीत घालून खुंटीला टांगले आहेत. दवाखान्यात निघताना ती पिशवी ती माझ्याही हाती देत नाही.