बदललं तेवढंच

पाठ्यपुस्तकात चार चुका सापडल्या तर आपण सगळं पुस्तक पुन्हा छापत नाही, शुद्धिपत्र जोडतो. संगणकाच्या आज्ञावलीचंही तसंच. १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत झालेला 'डिफ' दोन आवृत्त्या ताडून फक्त बदललेल्या ओळी काढतो. लॅरी वॉल यांचा 'पॅच' (१९८५) त्या ओळी जुन्या प्रतीत बसवतो. लिनक्सच्या गाभ्यातल्या किरकोळ सुधारणा अशाच मिळत आल्या आहेत.

आम्ही मोडेम वापरत असू, तेव्हा याचं मोल कळायचं. सेकंदाला ३ किलोबाइट वेगानं ६ मेगाबाइट उतरवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागे (मध्येच फोन तुटला नाही तर!). ६० किलोबाइटच्या ठिगळाला २० सेकंद पुरत.

मात्र शुद्धिपत्र नेमक्या त्याच आवृत्तीचं हवं. मधलं एखादं राहिलं, तर पुढचं नीट बसेलच असं नाही.